नाशिकची हद्द वाढतेय, पाण्याचा ताळेबंद कुणाकडे आहे?

गोदाकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री 9.42

समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये इगतपुरीच्या पुढं आमण्यापर्यंत खुला झाला आणि वाडीवऱ्हे-घोटी पट्ट्यात गुंठ्याचा भाव विचारायची सोय राहिली नाही. त्र्यंबक रोडला तीच गत. गिरणारे, गोवर्धन, विल्होळी, आडगाव, जिकडं बघावं तिकडं एनए (बिगरशेती) प्लॉटचे फलक. कुंभाच्या निमित्तानं रिंगरोडची कामं चालू आहेत, म्हणजे आणखी एक पट्टा उघडणार. माझा याला विरोध नाही. शहर वाढणारच. महापालिका हद्दीत 2001 ला 10 लाख 77 हजार लोक होते, 2011 ला 14 लाख 86 हजार. पुढची जनगणना रखडली, पण आज वीस लाखांच्या आतला अंदाज कुणी सांगत नाही.

प्रश्न एवढाच आहे की लेआउट मंजूर करताना त्या माणसांचं पाणी कुठल्या धरणातून आणि कुणाच्या वाट्यातून येणार, हे कुठं लिहिलं जातं का?

आपल्याकडं पाणी ठरतं कसं, तर 15 ऑक्टोबरला धरणांतला साठा बघायचा आणि 31 जुलैपर्यंतचं आरक्षण टाकायचं. नाशिकसाठी गंगापूर धरण समूह, मुकणे आणि थोडं दारणा मिळून पाच ते सहा टीएमसी (अब्ज घनफूट) धरतात. गंगापूर समूह म्हणजे गंगापूर 5,630 दलघफू (दशलक्ष घनफूट, असे हजार म्हणजे एक टीएमसी), गौतमी गोदावरी 1,868, काश्यपी 1,852 आणि आळंदी 816. सगळं तुडुंब भरलं तर दहा टीएमसीच्या जरा वर. त्यातलं गंगापूर बांधलं तेव्हा सात टीएमसीच्या वर मावायचं, फरकाची जागा गाळानं घेतली.

आता पाटीवरचं गणित करू. आरक्षण 5,300 दलघफू धरलं आणि 290 दिवसांनी भागलं तर रोज 18 दलघफू येतात, म्हणजे 51 कोटी लिटर. वीस लाख माणसं धरली तर माणशी 255 लिटर रोज. केंद्राचा निकष भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी 135 लिटर आहे. दुकानं, दवाखाने, हॉटेलं, तरंगती लोकसंख्या, सगळ्यांना वाटा दिला तरी फरक मोठा उरतो. हा फरक गळतीत, बेहिशेबी जोडण्यांत आणि मीटरच नसलेल्या नळांत जिरतो. म्हणजे टंचाई धरणात नाही, वाटपात आहे.

शहराचा विकास आराखडा 2017 चा, महापालिकेपुरता. बाहेरच्या गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. धरणं जलसंपदा खात्याची. नदी कुणाचीच नाही. माझं म्हणणं असं की महानगर क्षेत्राचा आराखडा गावांच्या शिवेवरून न आखता नदीच्या खोऱ्यावरून आखावा. वालदेवीचं खोरं, दारणेचं खोरं, नासर्डी, वाघाडी. एकेका खोऱ्यात किती पाणी पडतं, किती आधीच कुणाच्या नावावर आहे, किती माणसं पेलतील हे आधी लिहा, मग रस्ते आणि झोन रंगवा. जाणकारांनी भर घालावी.

खवचट | सोमवार, रात्री 9.58

पहिल्या तीन ओळी वाचून वाटलं प्लॉट विकायला आलात. मोबाईल नंबर शोधत खाली गेलो :)

सातपूरकर | सोमवार, रात्री 10.20

गणित वगैरे ठीक आहे, पण मूळ दुखणं पैठणचं जायकवाडी धरण. पाऊस आमच्या डोक्यावर पडतो, धरणं आमच्या जिल्ह्यात, आणि दर दुष्काळात दरवाजे उघडून पाणी खाली. नाशिककरानं गळती थांबवून काटकसर केली तर ते वाचलेलं पाणीही पैठणलाच जाणार. मग काटकसर करायची कुणासाठी?

दुसरं, पश्चिमेला समुद्रात वाहून जाणारं पाणी इकडं वळवा. दमणगंगा, वैतरणा, नार-पार. प्रश्न संपला.

जुना पाटकरी | सोमवार, रात्री 11.15

धागा चांगला आहे. मी जलसंपदात होतो, आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

गंगापूर धरण 1965 मध्ये पूर्ण झालं. त्याचे कालवे शेतीसाठी काढलेले. डावा कालवा दिंडोरी-निफाडकडच्या शिवारात जातो. उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रावर तर शहरच उभं राहिलं. नाशिकरोडला कॅनॉल रोड म्हणतात त्या नावाचा उगम तोच. शहराचं आरक्षण जसजसं वाढत गेलं, तसतशी शेतीची आवर्तनं, म्हणजे कालव्याला ठरावीक काळानं सुटणारं पाणी, कमी होत गेली. यात कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही, राज्याच्या जलनीतीत पिण्याला पहिला क्रम आहे आणि तो असायलाच हवा. पण शेतकऱ्याच्या वाट्याचं पाणी शहराला वळलं तेव्हा त्याच्या बदल्यात त्याला काय मिळालं, या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही फायलीत सापडणार नाही. गोदाकाठ, तुमच्या ताळेबंदात हा रकाना हवा.

दारणा 1916 चं. तिथलं पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडं जातं, ब्रिटिशांच्या काळापासून. त्यामुळे दारणा "आपलं" म्हणताना नगरवाले हसतात.

सातपूरकर, पश्चिमेच्या पाण्याबद्दल. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं पाणी खाली कोकणात उतरलेलं असतं, ते परत वर उचलायला वीज लागते, बोगदे लागतात. नार-पार-गिरणा योजनेला 2024 मध्ये मंजुरी मिळाली, 7,015 कोटींची. पण ते पाणी गिरणा खोऱ्यात, म्हणजे कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि जळगावकडं जाणार, नाशिक शहराला त्यातला थेंब नाही. आणि आपल्याच इगतपुरी तालुक्यातल्या ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबई पिते, हे विसरू नका. वळवण योजना व्हाव्यात, मी त्यांच्या बाजूचाच आहे. पण पाच वर्षांत येणाऱ्या फ्लॅटना पंधरा वर्षांनी येणारं पाणी दाखवून परवानगी देणं बरोबर नाही.

नाथसागर | मंगळवार, सकाळी 7.30

सातपूरकर साहेब, सकाळी सकाळी तुमचा प्रतिसाद वाचला आणि चहा गार झाला.

मी छत्रपती संभाजीनगरचा. जायकवाडी 1976 ला पूर्ण झालं, जिवंत साठा 76 टीएमसी. ते वरच्या धरणांच्या आधी मंजूर झालं का नंतर, हा वाद घालत बसलो तर दोघांचंही आयुष्य जाईल. कायदा काय म्हणतो बघा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा, कलम 12(6)(ग). टंचाईच्या वर्षात खोऱ्यातल्या सगळ्यांनी ताण सारखा वाटून घ्यायचा. त्यावर मेंढेगिरी समिती आली, सप्टेंबर 2014 ला प्राधिकरणाचा आदेश आला, 2016 ला उच्च न्यायालयानं तो उचलून धरला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तरच वरून सोडायचं. ज्या वर्षी धरण भरतं त्या वर्षी तुमच्याकडं कुणी मागायला येत नाही.

आता आकडा ऐका. 2023 ला आदेश निघाला 8.603 टीएमसीचा. त्यात गंगापूर समूहाचा वाटा किती होता? अर्धा टीएमसी. दारणा समूहाचे 2.643, बाकी प्रवरा आणि मुळा खोऱ्याचं. गोदाकाठ यांच्या हिशेबानं अर्धा टीएमसी म्हणजे नाशिक शहराचं महिनाभराचं पाणीसुद्धा नाही. आणि तेवढ्यासाठी तुमच्याकडं आंदोलनं, कोर्टकचेऱ्या, सगळे पक्ष एका मंचावर.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी 9.05

नाथसागर, बरोबर. वीस लाख माणसांना 135 लिटरनं 290 दिवस पाणी द्यायचं तर 2,765 दलघफू पुरतात. आपण घेतो 5,300. मधले अडीच टीएमसी, त्यातले निम्मे जरी खऱ्या गरजेचे धरले, तरी उरलेले सव्वा टीएमसी 2023 च्या त्या अर्ध्या टीएमसीच्या अडीचपट होतात. जायकवाडीच्या नावानं आपण जेवढा घसा कोरडा केला तेवढा मीटरसाठी केला असता तर बरं झालं असतं.

मात्र तुमच्याही बाजूचं एक बोलतो. नदीतून सोडलेलं पाणी पैठणपर्यंत पोचताना वाटेत किती जिरतं, किती मोटारी ओढतात आणि खाली पोचलेल्या पाण्यावर ऊस किती उभा राहतो, हेही मोजायला हवं. ताण सारखा वाटायचा तर उधळपट्टीही सारखीच तपासावी.

नाथसागर | मंगळवार, सकाळी 9.20

उसाबद्दल मान्य. त्यावर आमच्याकडंही भांडणं आहेतच.

मनमाड जंक्शन | मंगळवार, दुपारी 1.10

255 लिटर! मोठ्यानं हसले, ऑफिसात सगळे बघायला लागले.

आमच्या मनमाडला उन्हाळ्यात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ आलेला आम्ही पाहिलाय. वागदर्डी धरण आटलं की पालखेडच्या आवर्तनाकडं डोळे. लग्न जमवताना मुलीकडचे विचारायचे, टाकी किती लिटरची आहे? करंजवणहून थेट पाइपलाइनची योजना आली, ती आमच्यासाठी रस्ते-विमानतळ सगळ्याच्या वर आहे.

सांगायचं हे की "प्रादेशिक" म्हणताना तुमचा प्रदेश ओझरच्या पुढं येतच नाही. मनमाड, येवला, नांदगाव हा जिल्ह्याचा कोरडा पूर्व भाग. इगतपुरीला तीन हजार मिलीमीटर पाऊस आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या सहीनं दोन्हीकडं पाणी वाटतात. कारखाने, आयटी पार्क, मेडिकल कॉलेज सगळं नाशिकला नेऊन ठेवलं की माणसं तिकडंच जाणार आणि मग पाणीही तिकडंच लागणार. पूर्व भागातल्या छोट्या शहरांना आधी बारमाही पाणी दिलं तर निम्मे तरुण घर सोडणार नाहीत. शहराची वाढ वाटून टाकण्याचा हाही एक मार्ग आहे की नाही?

जुना पाटकरी | मंगळवार, दुपारी 2.00

ताई, पालखेड डाव्या कालव्याच्या शेपटाला येवला-मनमाड आहे. शंभरेक किलोमीटर कालवा आणि वाटेत डोंगळे, म्हणजे कालव्यात टाकलेले चोरटे पाइप. मी त्या कालव्यावर रात्री जीपनं फिरलोय. पुढचं सांगत नाही.

निफाडकर | मंगळवार, रात्री 8.45

वरचं सगळं वाचलं. धरणाच्या वरचे बोलले, शहरातले बोलले, पैठणचे बोलले. शहराच्या गटाराच्या तोंडाशी राहणारा माणूस आता बोलतो.

आमचं गाव सायखेड्याच्या अलीकडं. गोदावरी आमच्याकडं येते ती नाशिकचं सगळं पोटात घेऊन. पानवेलींचा गालिचा इतका की नदी आहे हे सांगावं लागतं. पूर आला की त्या पानवेली सायखेड्याच्या पुलाला अडकतात आणि पाणी चांदोरी-सायखेड्याच्या बाजारपेठेत घुसतं. 2019 च्या ऑगस्टात तेच झालं. खाली नांदूरमध्यमेश्वर, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 पासून. परदेशी पक्षी बघायला मुंबईहून लोक येतात, दुर्बिणीतून पक्षी बघतात, नाकाला रुमाल लावतात.

आता माझा खरा मुद्दा. शहरात कुणीही शहाणा माणूस बोलला की तो म्हणतो सांडपाण्याचा पुनर्वापर करा. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर गाव, पिंपळगाव खांब, सगळी मलनिस्सारण केंद्रं मिळून 390 एमएलडीच्या (रोज 39 कोटी लिटर) आसपास क्षमता. पूर्ण क्षमतेनं चाललं तर वर्षाला पाच टीएमसी. शहरातल्या माणसाला वाटतं हे फुकटचं पाणी सापडलं. ते फुकटचं नाही! ते नदीत येतं, नांदूरमध्यमेश्वरला अडतं आणि कालव्यानं खालच्या शेतात जातं. घाण आहे, पण कुणाच्या तरी हक्कात मोजलेलं आहे. सिन्नरच्या औष्णिक प्रकल्पाला नाशिकचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्यायचं ठरलं तेव्हा निफाडच्या शेतकऱ्यांनी याच कारणासाठी विरोध केला होता. तेव्हा शहरातल्या लोकांना वाटलं, हे काय गटाराच्या पाण्यासाठी भांडतायत.

तुम्ही पुनर्वापर करा. पण जेवढं सांडपाणी उद्योगाला द्याल तेवढंच ताजं पाणी उद्योगाच्या आरक्षणातून काढून नदीत सोडा. आणि जे नदीत सोडाल ते स्वच्छ करून सोडा. बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) दहापर्यंत आणायचा आहे हे ऐकून ऐकून केस पिकले.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री 9.30

निफाडकर, धाग्याचं सार्थक झालं. हा अदलाबदलीचा मुद्दा कुठल्याच सादरीकरणात ऐकला नव्हता.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचं उदाहरण तुमच्या सूत्रात बसतं. 210 मेगावॅटचे तीन संच, चेहेडी-पंचकची केंद्रं हाकेच्या अंतरावर. केंद्राच्या 2016 च्या वीजदर धोरणात स्पष्ट आहे की मलनिस्सारण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रानं प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरायचं. नागपूरनं कोराडीला दिलंच की. एकलहऱ्यानं घेतलं तर दारणा-गोदावरीतून ते जेवढं ताजं पाणी उचलतात तेवढं मोकळं होतं आणि ते तुमच्या बाजूला वाहतं. इथं तुमचा तोटा नाही, फायदा आहे.

निफाडकर | मंगळवार, रात्री 9.41

ते "मोकळं झालेलं" पाणी नदीतच राहील, शहराच्या पुढच्या आरक्षणात जाणार नाही, हे कोण लिहून देणार?

नकाशा | मंगळवार, रात्री 11.50

मी आर्किटेक्ट आहे. इथं बिल्डरच्या नावानं बोटं मोडायची वेळ जवळ आलेली दिसते, त्याआधी थोडं लिहून घेतो.

कागदावर सगळं आहे. डिसेंबर 2020 च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे, मोठ्या प्रकल्पांना सांडपाण्याचा पुनर्वापर आहे. भोगवटा दाखल्याच्या आधी खड्डा दाखवतात, फोटो काढतात, पुढच्या पावसाळ्यात त्या खड्ड्यावर पार्किंगचे ब्लॉक. आणि आपल्याकडं खाली बेसॉल्ट. मुरूम, खडकातल्या फटी, तेवढ्यातच पाणी मुरतं. सगळीकडं एकसारखा खड्डा काढून भागत नाही, भूजल सर्वेक्षणवाल्यांचा नकाशा बघून जागा ठरवावी लागते. ते कुणी करत नाही कारण शुल्क वाढतं आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

महापालिकेच्या हद्दीबाहेर तर विहीर, बोअर आणि टँकर यांच्या भरवशावर इमारती उभ्या राहतात. घेणाऱ्याला ब्रोशरमध्ये स्विमिंग टँक दिसतो. फेब्रुवारीनंतर तो टँकरच्या पाण्यानं भरतो.

पण गोदाकाठ, तुमच्या "खोऱ्याला पेलतील तितकीच माणसं" या कल्पनेची मला भीती वाटते. उद्या महानगर प्राधिकरणानं म्हटलं की वालदेवी खोऱ्यात पाणी नाही, परवानगी बंद. तर ज्यांच्याकडं आधीच घर आहे त्यांच्या घराचा भाव दुप्पट होईल. आणि ज्याला घर नाही तो नासर्डीच्या काठाला, निळ्या पूररेषेच्या आत, झोपडी टाकेल. परवानगी थांबली म्हणून माणूस येणं थांबत नाही. अंबड-सातपूरला कामाला येणारा माणूस आराखडा वाचून येत नाही. पाण्याचं कारण पुढं करून गरिबाला शहराबाहेर ठेवायचं, हे मोठ्या शहरांत बघितलंय. तुमचा हेतू तो नाही हे ठाऊक आहे.

चौकमंडई | बुधवार, सकाळी 6.15

नकाशा यांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्या गल्लीत नळ पहाटे येतो, पाऊण तास, तोही बारीक. मोटार लावली तर शेजारच्याला येत नाही, न लावली तर आपल्याला येत नाही. तीच पाणीपट्टी भरणाऱ्या दुसऱ्या भागात सकाळी पाइप लावून गाड्या धुतात, अंगणाला पाणी मारतात. 255 ची सरासरी काढलीत ना, त्यात आमची गल्ली कुठं बसते ते सांगा. सरासरी काढणाऱ्यांच्या घरी कधी हंडा भरावा लागत नाही असं माझं निरीक्षण आहे.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी 8.40

चौकमंडई, म्हणूनच मीटर हवा म्हणतोय, आणि घराघरांच्या आधी झोनझोनला. कुठल्या टाकीतून किती सुटलं आणि त्या टाकीखालच्या वस्तीला किती पोचलं, हे रोज फळ्यावर लिहिलं तरी अर्धं काम होईल. दरही टप्प्यानं हवेत. पहिले इतके लिटर जवळपास फुकट, गाड्या धुण्याचे लिटर महाग.

नकाशा, तुमची भीती खरी आहे. मी परवानगी बंद करा म्हणत नाही. परवानगी देणाऱ्यानं पाण्याचा स्रोत दाखवावा म्हणतोय, आणि तो स्रोत दाखवायची जबाबदारी परवडणाऱ्या घरांच्या बाबतीत सरकारनं घ्यावी, महागड्या प्रकल्पांच्या बाबतीत विकासकानं. दोघांना एकच नियम लावला तर तुम्ही म्हणता तेच होईल.

खवचट | बुधवार, सकाळी 10.02

पूररेषेचा विषय निघालाच आहे तर. आपल्याकडं दोनच खाती प्रामाणिक. एक गोदापात्रातला दुतोंड्या मारुती, पाणी कमरेला आलं, छातीला आलं, डोक्यावरून गेलं, जे आहे ते सांगतो. दुसरा सरस्वती नाला. वरून झाकलात तरी पाऊस आला की सराफ बाजारात येऊन हजेरी लावतो. 2008 च्या 19 सप्टेंबरला दोघांनी एकदम अहवाल सादर केला, तेव्हा निळ्या आणि लाल रेषा आखल्या. आता त्या रेषा थोड्या नदीकडं सरकवता येतील का, याचा अभ्यास चालूच असतो.

ब्रह्मगिरी | बुधवार, दुपारी 3.30

त्र्यंबक तालुक्यातून लिहितोय. इथं रेंज येते तेव्हा लिहितो, म्हणून उशीर.

धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण आमच्याचसाठी केली असावी. पावसाळ्यात कोसळतो, दोन हजार मिलीमीटरच्या वर, आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर. पेठ-सुरगाण्यातही तेच. कातळ आहे, उतार आहे, पाणी थांबत नाही. झरे होते, त्यांच्या वरच्या डोंगराला जेसीबी लागला की पुढच्या वर्षी झरा गप्प. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडायचं काम निघालं तेव्हा ओरड झाली म्हणून थांबलं, पण छोट्या टेकड्यांना कोण वाली? रिसॉर्ट, फार्महाऊस, "निसर्गाच्या कुशीत" प्लॉट. नाशिकच्या पाण्याचा उगम इथं आहे आणि तुमच्या महानगराच्या नकाशावर आमच्या डोंगराला पिवळा, म्हणजे रहिवासी झोनचा, रंग लावायची घाई आहे.

काश्यपी धरण शहराच्या पाण्यासाठी बांधलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पोरांनी नोकरीसाठी किती वर्षं आंदोलनं केली ते जुन्या पेपरांत वाचा. आता किकवी धरणाचं बोलतात. आधी काश्यपीचा हिशेब पूर्ण करा, मग किकवीला या.

समन्यायी वाटपात तुम्ही पाणी धराल. ज्यानं जमीन दिली, ज्याच्या डोंगरावर बंदी घातली, त्याला काय देणार ते कुणी बोलत नाही. डोंगर राखायचा तर राखणाऱ्या गावाला शहराच्या पाणीपट्टीतून पैसा आला पाहिजे, दरवर्षी, ग्रामपंचायतीच्या खात्यात. भीक नको, कुत्रं आवर असं म्हणायची वेळ आणू नका.

सातपूरकर | बुधवार, संध्याकाळी 6.00

ब्रह्मगिरी यांचं पटलं. जायकवाडीबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण पाणीपट्टीतून उगमाकडच्या गावांना वाटा द्यायला माझी हरकत नाही. रुपया-दोन रुपये जास्त गेले तरी चालेल.

मोहाडी शिवार | बुधवार, रात्री 9.10

सगळे अडलेत ते "कोण लिहून देणार" या प्रश्नावर. त्याला आमच्या दिंडोरी तालुक्यात एकदा उत्तर सापडलं होतं, म्हणून सांगतो.

वाघाड धरण. कालव्याच्या शेपटाला ओझरची शेतं, पाणी पोचतच नव्हतं. बापूसाहेब उपाध्ये यांच्या पुढाकारानं समाज परिवर्तन केंद्रानं 1990 च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. हेक्टरावर पाणीपट्टी भरायच्या ऐवजी घनमापानं, म्हणजे मोजून पाणी घ्यायचं ठरलं. मोजून मिळतंय म्हटल्यावर काटकसरीला अर्थ आला, वाचलेलं पाणी आपल्याच संस्थेचं. हळूहळू वरचे शेतकरीही आले आणि 2003 पासून अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन संस्थांच्या महासंघाकडं आलं. शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करायचा 2005 चा कायदा झाला तेव्हा वाघाडचं उदाहरण समोर होतं.

त्यातला मला भावलेला नियम, पाणी टेलकडून हेडकडं द्यायचं. आधी शेपटाचा शेतकरी, शेवटी धरणाजवळचा. कारण हेडवाल्याला पाणी मिळणारच असतं. शहरातही चौकमंडईसारख्या शेपटाच्या गल्लीत आधी दाब मोजा, तिथं पुरेसा आला की मगच टाकीजवळच्या कॉलन्या. आणि सातपूरकरांचा पहिला प्रश्न होता, वाचलेलं पाणी कुणाचं? वाघाडला लोकांनी काटकसर केली कारण वाचलेल्याचा हिशेब त्यांच्याच वहीत राहिला. शहर, निफाड, नगर, पैठण यांच्यात असा करार झाला की वाचवणाऱ्याच्या नावावर वाचलेलं पाणी टंचाईच्या वर्षासाठी जमा राहील, तर भांडणाचा सूर बदलेल. अवघड आहे. पण तीन संस्था उभ्या राहिल्या तेव्हाही लोक हसलेच होते.

नाथसागर | बुधवार, रात्री 9.45

जमा राहील कुठं? वरच्याच धरणात ना? मग ते आमच्या 65 टक्क्यांच्या हिशेबात धरायचं की नाही? कल्पना चांगली आहे, पण हे आधी ठरवावं लागेल.

मोहाडी शिवार | बुधवार, रात्री 9.52

धरायचं. साठा वरच्या धरणात मोजला की तुमच्या हिशेबात तो आपोआप येतोच. फक्त सोडायची वेळ आली तर जो उधळला त्याच्या वाट्यातून आधी जाईल, ज्यानं वाचवला त्याच्या वाट्यातून शेवटी.

जुना पाटकरी | गुरुवार, सकाळी 10.30

हे जलसंपत्ती प्राधिकरणापुढं मांडता येण्यासारखं आहे. 65 टक्क्यांच्या सूत्राचा फेरअभ्यास आपल्या दिंडोरी रोडवरच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या महासंचालकांच्या समितीकडं दिला होता, म्हणजे सूत्र दगडावरची रेघ नाही हे सरकारलाही मान्य आहे.

दुसरं, महानगर क्षेत्राच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा आपले लोक माझ्या प्लॉटवरून रस्ता का, एवढंच लिहितात. एक सामूहिक सूचना द्या. प्रत्येक झोनपुढं पाण्याचा स्रोत, सध्या त्या स्रोतावर कुणाचा हक्क आहे आणि सांडपाणी कुठं जाणार, असे रकाने सक्तीचे करा एवढीच मागणी ठेवा. दहा मागण्या केल्या तर एकही वाचत नाहीत. मी खात्याच्या भाषेत मसुदा बसवून देतो.

गोदाकाठ | गुरुवार, दुपारी 12.15

साहेब, मनापासून धन्यवाद. मसुदा मी इथंच टाकतो, नकाशा यांनी नियमावलीतले क्रमांक तपासून द्यावेत.

नकाशा | गुरुवार, दुपारी 12.40

देतो. परवडणाऱ्या घरांचा स्रोत सरकारनं दाखवायचा, हे वाक्य मसुद्यात असेल तर.

निफाडकर | गुरुवार, दुपारी 1.05

आणि सांडपाणी उद्योगाला दिलं तर तेवढं ताजं पाणी नदीत सोडायचं, हेही. तो रकाना नसेल तर माझी सही धरू नका.

गोदाकाठ | गुरुवार, दुपारी 1.20

दोन्ही टाकली. ब्रह्मगिरी, तुमच्या बाजूच्या टँकर लागणाऱ्या पाड्यांची यादी हवी, तालुक्याच्या कागदात असते ती नको, खरी.

ब्रह्मगिरी | गुरुवार, संध्याकाळी 7.50

शनिवारी बाजाराला सगळीकडचे लोक येतात, तेव्हा विचारून लिहितो. मनमाडच्या ताईंनाही त्यांच्या भागाची विचारा, नाहीतर परत म्हणतील प्रदेश ओझरलाच संपला.